उंदरांनी खाल्लेला कागद

११ नोव्हेंबर २०२४
तांडापेठ, नागपूर

श्री. ईश्वरदास सोनकुसरे,
मु. उमरेड

नमस्कार लिहीत नाही. तुम्हालाही तो नको असेल.

लग्नाला तेवीस वर्षं झाली. तुम्ही माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, म्हणजे माझे भासरे. भासऱ्यासमोर सुनेने तोंड उघडायचं नाही, पदर पडू द्यायचा नाही, तुम्ही ओसरीवर बसलात की मी मागच्या दाराने जायचं, ही तुमच्या घरची रीत. ती मी पाळली. तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. पण कागदावर लिहू नये असं मला कोणी सांगितलेलं नाही. फोन केला तर जाऊबाई उचलतात आणि "ते झोपले" म्हणतात. सकाळी दहा वाजता कोण झोपतो?

काम सांगते. आमच्या दामिनीला जनावरांच्या डॉक्टरकीला सरकारी सीट मिळाली. नीटची परीक्षा दोनदा दिली, क्लास एकच वर्ष लावला, दुसऱ्या वर्षी घरीच वाचलं. जातीचा दाखला आहे, पण त्याची व्हॅलिडिटी नाही. कॉलेजने हमीपत्र लिहून घेतलं आहे की ३१ जानेवारीपर्यंत व्हॅलिडिटी आणून देऊ, नाही दिली तर सीट रद्द.

मी पडताळणीच्या ऑफिसात चार वेळा जाऊन आले. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "बाई, पोरीच्या आजोबाचा सदुसष्टच्या आधीचा शाळेचा कागद हाय का?" मी म्हटलं, नाही. "मंग बापाकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाची व्हॅलिडिटी?" मी म्हटलं, सख्ख्या चुलतभावाची आहे. तो हसला. म्हणाला, "मंग काहून एवढं तोंड करून राहिल्या? त्याच्या व्हॅलिडिटीची प्रत, त्याचं शपथपत्र आन् वंशावळ आणा. महिन्यात होऊन जाते."

त्याला काय माहीत आपलं नातं.

तुमच्या सौरवच्या व्हॅलिडिटीची प्रत आणि त्याचं शपथपत्र पाठवा. सासऱ्यांचा शाळेचा कागद नाही, तो हरवला, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या शाळेत जाऊन आले, जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लं आहे. तुम्ही केली तशी सगळी चौकशी नव्याने सुरू केली तर दीड वर्ष जाईल. माझ्याकडे ऐंशी दिवस आहेत.

माझ्यावर राग असेल तो असू द्या. पोरगी धोंडबा सोनकुसऱ्यांची नात आहे, माझ्या माहेरची नाही.

रुख्मिणी


२५ नोव्हेंबर २०२४

तुमचं उत्तर मिळालं. जाऊबाईंच्या तोंडून, फोनवर. गोदूबाई बिचारी, तुम्ही जे कानात भरता ते तोंडाने ओतते. म्हणाल्या, "ते म्हणतात, तिच्या घरच्या उंदरायले विचार म्हणा कागद." मग म्हणाल्या, "आन् म्हणतात, पोरगी गायीच्या मागं हात घालणार, त्याच्यासाठी माह्या पोराचा कागद?"

पहिल्या गोष्टीचं उत्तर देत नाही.

दुसऱ्या गोष्टीचं देते. हो, घालणार. वासरू आडवं आलं की ते हातानेच सरळ करावं लागतं. तुम्ही तीस वर्षं मास्तरकी केली, कोणाचं एक वासरू तरी सरळ केलंत का?

आता शिक्षणाचाच विषय तुम्ही काढला म्हणून सांगते. हेमराजला दहावीत एकाहत्तर टक्के होते. नवऱ्याचं नाव घेत नाहीत आपल्याकडे, मी लिहिते आहे, वाचा. एकाहत्तर. त्या काळी उमरेडच्या आपल्या कोष्ट्यांच्या आळीत तेवढे कोणालाच नव्हते. त्याच साली सासऱ्यांची नजर गेली. मागावर एकाने बसणं भाग होतं. तुमचं बी.एड. चालू होतं. तुम्ही एक वर्ष थांबला असतात तर काय झालं असतं? तुम्हीच सासऱ्यांना म्हणालात, "हेमू लहान हाय, तो मंग शिकन." हे मला सासूबाईंनी सांगितलं, मी मनाचं लिहीत नाही.

ते मग कधी आलं नाही. माग बंद पडला, तेव्हा हे बुटीबोरीच्या सूतगिरणीत नोकरी मागायला गेले. मी सोबत होते, बाहेरच्या बाकड्यावर. साहेबाने मार्कशीट पाहिली आणि विचारलं, "इतने मार्क्स थे, आगे क्यों नहीं पढ़े?" हे म्हणाले, "मन नहीं लगता था, साब."

तुमचं नाव नाही घेतलं. त्या दिवशी बसमध्ये मी त्यांच्याशी बोलले नाही. मला त्यांचा राग आला नव्हता, तुमचा आला होता. पण तुमच्यासमोर बोलायची मला बंदी, मग तो राग मी कुठे ठेवायचा?

दामिनी विचारते, "आई, मोठेबाबा असे काहून वागते आपल्याशी?" मी सांगितलं, त्यांचा स्वभावच तसा, कोणाचं चांगलं पाहवत नाही. ती म्हणाली, "मी स्वतः जाऊन विचारू का?" मी नको म्हटलं. तुम्ही तिला काही सांगायच्या भरीस पडू नका. कागद पाठवा, विषय संपवा.

सहासष्ट दिवस राहिले.

रुख्मिणी


९ डिसेंबर २०२४

पाकीट जड लागलं, मला वाटलं आला कागद. महाल भागातल्या दुकानात कामाला बसले होते, साडीला फॉल लावत होते. सुई खाली ठेवून हात पुसून उघडलं.

माझीच दोन्ही पत्रं. लाल पेनाने चुका दुरुस्त केलेली. पहिल्यात सतरा, दुसऱ्यात एकवीस, बेरीज करून वर गोल काढलेला. आणि दुसऱ्याच्या खाली मास्तरी अक्षरात, "खरे लिहायचे राहिले."

दुकानाची मालकीण म्हणाली, "काय झालं वं, कोणाचं पत्र?" मी म्हटलं, शाळेतून आलं, मी नापास झाली.

ठीक आहे. ती दोन्ही पत्रं यासोबत परत पाठवते, तुमच्याकडेच ठेवा. आणि हे घ्या खरं. यावरही चालवा लाल पेन.

२०१७ चा जून. सौरवला इंजिनिअरिंगला सरकारी सीट लागली होती. त्याच्या व्हॅलिडिटीसाठी सासऱ्यांचा शाळेचा कागद पाहिजे होता. तो आमच्याकडे होता, कारण म्हातारे शेवटी आमच्याजवळ राहिले आणि त्यांची पत्र्याची पेटी आमच्याकडे राहिली. ह्यांनी तुम्हाला फोनवर सांगितलं, "दादा, या, घेऊन जा." मी भाकरी थापत होते. ऐकलं. दुसऱ्या दिवशी हे ड्यूटीवर गेल्यावर मी पेटी उघडली आणि कागद काढला.

तुम्ही रविवारी आलात. हे पेटी उपसत होते. मी पडद्याच्या मागे, रीतीप्रमाणे. तुम्ही खुर्चीवर बसलात आणि माझ्याशी बोलायचं होतं म्हणून दामिनीला बोललात, रीतीप्रमाणे. ती अकरा वर्षांची. "दामिनी, आईले विचार, आजोबाचा शाळेचा कागद कुठं हाय." ती पडद्याआड आली. मी तिच्या कानात म्हटलं, "सांग, उंदरांनी खाल्ला." तिने बाहेर जाऊन सांगितलं.

तुम्ही चहा न पिता गेलात.

उंदरांनी खाल्ला नव्हता. मी तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून गोधडीत शिवला होता. वर एक जुनं लुगडं, खाली एक, मध्ये तुमच्या बापाचा कागद. माझे टाके बारीक असतात, कोणाला दिसले नसते.

मला सीट घालवायची नव्हती, हे पण खरं आहे, माना नाही तर मानू नका. मला फक्त तुम्हाला पळवायचं होतं. महिनाभर ऑफिसच्या पायऱ्या चढा, मास्तर, शिक्षण कसं तुटतं ते पाहा, मग मी "सापडला" म्हणून काढून देणार होते. मी सातवी शिकलेली. मला कुठे माहीत होतं की तिथे तारीख असते आणि ती गेली की संपलं? जाऊबाईंचा फोन आला, "सौरवची सीट रद्द झाली," तेव्हा ते कळलं. त्यानंतर कागद कोणत्या तोंडाने काढणार? हे तीन रविवार माळ्यावर शोधत होते. खाली शिडी धरून मी उभी.

पुढे तुम्ही कुठून कुठून कोतवाल बुकाचा, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदीचा, उतारा काढलात, चौकशी लावलीत, दीड वर्षाने व्हॅलिडिटी मिळाली. तोवर सौरव हिंगण्याला कंपनीत मशीनवर लागला होता.

आता तुम्ही विचाराल, मग तो कागद आहे कुठे, तोच लाव की पोरीला.

२०१९ ला हे सकाळी ड्यूटीवरून आले, चहा घेतला, त्याच गोधडीवर आडवे झाले आणि उठले नाहीत. गल्लीतल्या बाया आल्या. मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. त्यांनी उशी, चादर, गोधडी गुंडाळली आणि माणसांसोबत घाटावर पाठवली. मी समोर बसले होते, पण मला दिसत नव्हतं. तुम्हीच ती गठडी उचलून गाडीत ठेवलीत. तुम्ही. मला दहाव्या दिवशी आठवलं.

बापाचा कागद लेकाच्या अंथरुणात गेला आणि माझ्या लेकीची वाट बंद झाली. पाच वर्षं मी हे कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला पहिल्यांदा लिहिते. दामिनीला माहीत नाही, आणि तिला कळता कामा नये.

खरं लिहिलं. आता कागद पाठवा.

रुख्मिणी


२० डिसेंबर २०२४

तुम्ही पुन्हा जाऊबाईंनाच पुढे केलंत. या वेळी त्या रडत होत्या. "ते म्हणतात, व्हॅलिडिटीवर माहं नाव नाही, सौरवचं हाय. तेव्हा माह्या पोराचं गेलं, माहं नाही गेलं. त्यालेच माग म्हणा. पत्र नको, समोर जाऊन."

तुम्हाला वाटलं मी जाणार नाही.

काल गेले. हिंगण्याला, त्याच्या कंपनीच्या गेटवर, तीनच्या सुमारास, पहिली पाळी सुटते तेव्हा. वॉचमन म्हणाला, "कोण पाहिजे, मावशी?" मी म्हटलं, पुतण्या. मोटरसायकली निघायला लागल्या, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, ओळखायचं कोणाला? त्यानेच ओळखलं. गाडी बाजूला लावली. वयाच्या मानाने जास्तच थोराड दिसतो. हनुवटी अगदी ह्यांच्यासारखी. आधी कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नसतं.

"काकू," तो म्हणाला, "तुमची तिन्ही पत्रं वाचली मी. बाबाच्या कपाटात होती."

मी सरळ म्हटलं, "सौरव, मी चूक केली. तू शपथपत्र दे. तारीख जवळ आली."

"चूक?" तो म्हणाला. "काकू, चूक तर गणितात होते."

मागून गाड्यांचे हॉर्न वाजले, आम्ही बाजूला सरकलो.

"सात वर्ष झाले," तो म्हणाला. "माह्यासोबतचे पोरं पुण्याले, बंगलोरले गेले. मी इथं शिफ्ट करून राहिलो. त्याचंही एवढं नाही. पण मी चिडू कोणावर, हेच मले माहीत नव्हतं. उंदरावर चिडू?" आणि हसला. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

मग तो तुमच्यावर आला. तुम्हाला कळू द्या, म्हणून जसं बोलला तसं लिहिते. "बाबाही तसेच. पडद्याआडून एक बाई नाही म्हणते, पोरीच्या तोंडून, आन् हे मास्तर माणूस, खुर्चीवरून उठून परत येते. पडदा बाजूला करून दोन शब्द विचारले असते तर? रीत मोडली असती, माही सीट राहिली असती. तुम्ही दोघंही रीत सांभाळत बसले."

मी म्हटलं, "तू कागद देणार का नाही, ते बोल."

"देतो. सुट्टी टाकून स्वतः येतो. पण आधी दामिनीले सांगा, सारं. तिनं मले फोन करून म्हणावं का मले कळलं. मंग येतो."

"तिले कशाले? बाप नाही तिले, मीच हाय. मीही तिच्या मनातून गेली तर?"

त्याने हेल्मेट घातलं. काच वर करून म्हणाला, "मले तर सांगणारंच कोणी नव्हतं, काकू."

हे तुम्ही त्याला शिकवलंत का? मला वाटतं नाही. तुम्ही असतात तर नाही म्हणून मोकळे झाला असतात.

मी अजून तिला सांगितलेलं नाही. ती कॉलेजातून आणलेलं बैलाच्या पायाचं हाड टेबलावर ठेवून बसते, एकेका खोबणीवर बोट ठेवून इंग्रजी नावं पाठ करते. मला दाखवते. "हे पाह्य आई, इथून नस जाते." मी पाहते. तिला सांगितलं नाही तर ते हाड एकतीस जानेवारीला परत द्यावं लागेल. सांगितलं तर हाड राहील.

तुमच्या मनासारखं झालं. बसा.

रुख्मिणी


२ फेब्रुवारी २०२५

कॉलेजने व्हॅलिडिटी घेतली. सत्तावीस तारखेला मिळाली, अठ्ठावीसला दामिनीने जमा केली. तुम्हाला सौरवकडून कळलं असेल, तरी माझ्याकडून लिहिते.

सांगितलं कधी, तर बावीस डिसेंबरला, दुपारी. ती हाड घेऊन बसली होती. मी समोर बसून सगळं सांगितलं, तुम्हाला लिहिलं तेवढंच, कमी नाही जास्त नाही.  गोधडीपर्यंत आले तरी तिचा हात हाडावर तसाच.

मग म्हणाली, "म्हणजे मोठेबाबाले ते मीच बोलली होती."

मी म्हटलं, "तू लहान होती. मी सांगितलं, तू बोलली."

"नाही. त्यायनं मले जवळ घेऊन विचारलं होतं. खरंच का वं बाई, उंदरानं खाल्ला? मी म्हटलं, हो मोठेबाबा, मी पाहिला उंदीर." हाडावरचा हात काढला. "तू ते नव्हतं सांगितलं. ते मी मनानं लावलं. तुह्यासाठी."

हे मला माहीत नव्हतं. पडद्याच्या मागे मला ऐकू आलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. सात वर्षं तुम्ही "तिच्या घरचे उंदीर" म्हणत राहिलात, पण पोरीचं नाव एकदाही घेतलं नाहीत. हे मी मोजलं आहे तुमच्या बाजूने. एवढं एकच.

तिने माझ्यासमोर सौरवला फोन लावला. "दादा, मले कळलं," एवढंच म्हणाली आणि ठेवला. तो तिसऱ्या दिवशी आला, शपथपत्र केलं, ऑफिसात तिच्यासोबत दोन दिवस उभा राहिला. घरी आला नाही. खाली गल्लीतच तिला सोडून गेला. मी गॅलरीतून पाहिलं, तिने त्याला काहीतरी म्हटलं आणि तो हसला, तसा नाही, नीट.

सांगितलं त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. एकेचाळीस दिवस झाले. भांडत नाही, उपाशी राहत नाही. डबा घेते, खाते, घासून पालथा घालते. काही सांगायचं असलं तर शेजारची मेघा आहे, आठ वर्षांची, आमच्याकडेच असते दिवसभर. तिला दारात उभी करून म्हणते, "मेघा, आईले सांग, आज प्रॅक्टिकल हाय, उशीर होईल." आणि मी स्वयंपाकघरातून म्हणते, "मेघा, ताईले सांग, भाजी झाकून ठेवली." मेघाला तो खेळ वाटतो. इकडून तिकडे पळते.

परवा मला वाटलं, मी पडद्याच्या मागेच आहे. तेवीस वर्षं तुमच्यासमोर बोलले नाही, ती रीत होती, मी पाळली. माझी पोरगी बोलत नाही, ही कुठली रीत?

तुम्ही माझ्या नवऱ्याची शाळा सोडवलीत ते मी सोडलेलं नाही. मेले तरी सोडणार नाही. माझ्याकडून तुमच्या पोराचं जे गेलं ते तुम्हीही सोडू नका, माफी-बिफी लिहून पाठवू नका, मी फाडून टाकीन. मला एकच गोष्ट पाहिजे.

गेटवर सौरव अजून एक म्हणाला होता, ते मी तेव्हा लिहिलं नाही, की सीट गेल्यावर तो तुमच्याशीही बोलत नव्हता. एका घरात. आता बोलतो, तुमच्या कपाटातली पत्रं वाचतो, म्हणजे कधीतरी बोलायला लागला असेल. तो किती दिवसांनी बोलला? आणि पहिलं काय बोलला?

तेवढं लिहा. जाऊबाईंच्या तोंडून नको, मेघाच्या वयाचं कोणी मध्ये नको. तुमच्या हाताने लिहा, माझ्या नावाने. चुका असल्या तरी चालतील, मी लाल पेन ठेवत नाही.

रुख्मिणी